घरगुती स्टुडिओतील ध्वनिशोषक पॅनेल: वरून कोणते कापड लावावे आणि प्लास्टिक का लावू नये

आमच्याकडून रॉकवूलचे स्लॅब, लाकडी पट्ट्या आणि कापड नेऊन घरच्या घरी पॅनेल बनवणारे ग्राहक आता बरेच झाले आहेत. चवथीच्या आधी भजनांची आणि आरत्यांची ध्वनिमुद्रणे सुरू झाली की त्यांची वर्दळ आणखी वाढते आणि तिच्यासोबत एक ठरलेली तक्रारही येते: पॅनेल लावली, तरी आवाज मोकळा येत नाही, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे कानाला टोचतात. अशा वेळी आम्ही पॅनेलचा फोटो मागवतो. बहुतेक फोटोंत रॉकवूलवर कापडाऐवजी रेक्झिन ताणलेले असते किंवा कापडाच्या आत प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला असतो. मग सगळे स्टेपल उपसून पॅनेल पुन्हा बांधावे लागते, आणि त्यात ग्राहकाचा व आमचा असा दोघांचाही वेळ जातो.

प्लास्टिक लावण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. गोव्यात जून ते सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते, तेव्हा भिंतीवर टांगलेल्या लोकरीसारख्या वस्तूचे काय होईल, ही चिंता रास्तच आहे. मात्र रॉकवूल ही वितळवलेल्या दगडापासून काढलेल्या तंतूंची चटई असते. ती हवेतील ओल फारशी धरत नाही आणि स्वतः कुजत नाही. बुरशी धरते ती कापडावर, लाकडावर आणि त्यांच्यावर साचलेल्या धुळीवर. प्लास्टिकने यांपैकी कशाचेच रक्षण होत नाही. उलट, वातानुकूलन यंत्र बंद केल्यावर दमट हवा गार खोलीत शिरते, तेव्हा आत अडकलेल्या ओलीला सुकायला वाट राहत नाही.

ध्वनीच्या बाजूने होणारे नुकसान त्याहून मोठे आहे. पॅनेल काम करते ते हवा तंतूंमधून ये-जा करते म्हणून: ध्वनिलहरीतील हवेची हालचाल तंतूंशी घासते आणि तिची ऊर्जा अगदी किंचित उष्णतेत बदलते. हवाच आत शिरली नाही, तर घर्षण होणार कुठून? पातळ प्लास्टिकमधून खालचे स्वर बऱ्याच अंशी आत जातात, पण ‘स’ आणि ‘श’ यांची फुत्कारणारी कंपने, जी साधारण ५,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ५,००० कंपनांच्या) आसपास आणि त्याच्याही वर असतात, पृष्ठभागावरूनच परततात. रेक्झिन जड असल्यामुळे त्याच्यावरून याहून बरीच खालची कंपनेही परत फिरतात. त्यामुळे गळ्याचा भरीवपणा शोषला जातो, पण शीत्कार खोलीभर फिरत राहतो, आणि ग्राहक माइक बदलायच्या विचाराला लागतात.

कापड योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. कापड तोंडाला घट्ट लावून फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा सहज लागली, तर कापड चालेल. मांजरपाट विरळ विणीचा असला तर उत्तम, मलमलही चालते. तागाचे कापड दिसायला देखणे असले, तरी पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो, म्हणून बंद राहणाऱ्या खोलीसाठी आम्ही ते सुचवत नाही. आमच्याकडील जाळीदार पॉलिस्टर कापड मांजरपाटापेक्षा महाग आहे हे आम्हांस मान्य आहे, परंतु ते बुरशीला सहसा बळी पडत नाही आणि काढून धुता येते. घरात चांगले विरळ सुती कापड पडून असेल, तर आमच्याकडून नवीन घेण्याची गरज नाही.

बुरशीवरचा खरा उपाय म्हणजे पॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये ५० मिलिमीटरची मोकळी जागा ठेवणे. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात ओल धरते, आणि तिला चिकटवलेले पॅनेल मागच्या बाजूने काळे पडते. चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे लावून ते पुढे घेतले, की मागून हवा खेळती राहते. हीच जागा आवाजासाठीही उपयोगी पडते. भिंतीला अगदी टेकून हवेची हालचाल जवळजवळ नसते, ती भिंतीपासून दूर वाढत जाते, म्हणून ५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब तेवढीच जागा सोडून लावल्यास त्याचे शोषण साधारण ३०० हर्ट्झपर्यंत खाली पोहोचते. काही सुतार भक्कमपणासाठी फ्रेमच्या मागे प्लायवूड ठोकून देतात. तसे केल्यास ही जागा वाया जाते. मागेही पुढच्यासारखेच कापड लावावे.

२५ मिलिमीटरचा फोम का ठेवत नाही, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. तेवढ्या जाडीचा फोम मुख्यतः १,००० हर्ट्झच्या वरची कंपने शोषतो. खोलीतला डब्यासारखा घुमारा त्याच्या खालचा असतो, तो तसाच राहतो. शिवाय आपल्या दमट हवेत फोमचे काही प्रकार काही वर्षांत चिकट होऊन झडू लागतात. अंड्यांच्या ट्रेबद्दल एवढेच सांगतो, की त्यांना आग पटकन लागते आणि उपयोग जवळजवळ होत नाही. रॉकवूल घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचे पुरेसे आहे. ९६ किलोचे आम्ही विकू शकतो, आणि त्यात आम्हांला चार पैसे जास्तही मिळतील, पण या जाडीत कानाला जाणवेल असा लाभ त्यातून होत नाही.

किती पॅनेल लागतील, हा पुढचा प्रश्न असतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात केलेल्या प्रयोगांतून घुमाऱ्याचे जे सूत्र निघाले, ते ३ × ३.५ मीटरच्या आणि ३ मीटर उंचीच्या खोलीला लावले, तर घुमारा विरायला लागणारा वेळ ०.३ सेकंदावर आणण्यासाठी गाद्या, पडदे, माणसे धरून सुमारे १७ चौरस मीटर पूर्ण शोषण, म्हणजे पडणारा सगळा आवाज शोषणारा तेवढा पृष्ठभाग, लागते. १.२ × ०.६ मीटरचे एक पॅनेल पाऊण चौरस मीटरही भरत नाही. म्हणून सगळी खोली भरण्याऐवजी गाणाऱ्याच्या भोवती चार ते सहा पॅनेल लावावीत, असे आम्ही सांगतो. कमी माल विकण्याचा आमचा हा आग्रह काही ग्राहकांना विचित्र वाटतो.

नेहमीचा कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो आणि मागच्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो. त्यामुळे माइकच्या मागच्या भिंतीपेक्षा गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत महत्त्वाची. दोन पॅनेल तिथे आणि एकेक दोन्ही बाजूंना लावावे. उंचीचा हिशेब आपल्या पद्धतीने करावा. बाहेरच्या देशांतील चित्रफिती पाहून पॅनेल उभ्या माणसाच्या डोक्याच्या पातळीवर टांगली जातात, पण आपला भजनी गायक पेटीसमोर मांडी घालून बसतो. पॅनेलची खालची कड लादीपासून वीतभर वर असली, की बसलेल्या गायकाचे तोंड त्याच्या मध्याजवळ येते. लादीवर जाड सतरंजी हवीच, कारण बसून गाताना सर्वांत जवळचा कठीण पृष्ठभाग तोच असतो.

ही पॅनेल खोलीच्या आतला घुमारा कमी करतात. पत्र्यावरचा पाऊस किंवा रस्त्यावरची बस ती थांबवत नाहीत. त्यासाठी जड भिंत आणि फटी नसलेले दार लागते, आणि ते काम आम्ही करत नाही.

स्लॅब कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट वापरावा; तंतूंनी अंगाला खाज सुटते. कर्करोगाच्या भीतीने विचारणाऱ्यांसाठी सांगतो, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अशा इन्सुलेशनच्या रॉकवूलला ‘मानवी कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही’ अशा गटात ठेवले आहे. धूळ मात्र श्वासात जाऊ देऊ नये.

दुकानात येताना खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि गायक कुठे बसतो याचा एक फोटो आणावा. कापलेला स्लॅब आम्ही परत घेत नाही, म्हणून मापे घरीच दोनदा तपासावीत. रेक्झिन लावलेली जुनी पॅनेल असतील, तर तीही घेऊन यावीत: आमच्याकडून कापड घेतल्यास ते बदलून ताणण्याची मजुरी आम्ही आकारत नाही, मात्र चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात हे काम घेता येत नाही.