इंग्लंडच्या शाळांतली क्रिएशनिझमवरची 'बंदी' : थोडी पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत क्रिएशनिझम (म्हणजे उत्क्रांती झालीच नाही, जीवसृष्टी थेट देवाने घडवली हे मत) शिकवायला बंदी आहे असं सर्रास म्हटलं जातं. चूक नाहीये ते, पण बंदी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संसद, कायदा, कलम, दंड असं काहीतरी येतं आणि इथे त्यातलं काहीच नाही. ही बंदी करारात आहे. शाळा चालवणारी ट्रस्ट आणि सरकार यांच्यात पैशाचा जो करार होतो, ज्याला इथे फंडिंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, त्यातल्या एका क्लॉजमध्ये. घर भाड्याने देताना अ‍ॅग्रीमेंटमध्ये 'भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत' लिहितात ना, तसं. आता हे असं का झालं ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागचं पटकन उरकतो. 1870 च्या कायद्याने इथे पहिल्यांदा लोकांच्या करातून शाळा सुरू झाल्या, आणि तेव्हाच दोन गोष्टी ठरल्या. या नव्या शाळांत कुठल्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी (कॅटेकिझम, म्हणजे त्या पंथाची शिकवण प्रश्न-उत्तरांत) शिकवायची नाही, आणि मदत घेणाऱ्या सगळ्याच शाळांनी धर्माचा तास एकतर सुरुवातीला किंवा शेवटी ठेवायचा, म्हणजे ज्यांना नको त्यांनी मुलाला उशिरा पाठवावं नाहीतर लवकर न्यावं. मग 1902 मध्ये चर्चच्या शाळांना स्थानिक करातून पैसे द्यायचं ठरलं आणि चर्च ऑफ इंग्लंड न मानणारे इतर ख्रिश्चन प्रचंड भडकले, आमच्या घरपट्टीतून तुमचं चर्च कशाला म्हणून त्यांनी तेवढा हिस्सा भरायचंच बंद केलं, लोकांच्या घरातल्या वस्तू जप्त करून लिलाव झाले, काहीजण तुरुंगात गेले. म्हणजे सरकारी पैसा आणि शाळेतला धर्म हे भांडण इथे आधी ख्रिश्चनांचं आपसातलंच होतं. डार्विन त्यात कुठेच नव्हता.

1944 ला तडजोड झाली. चर्चने शाळा चालवायच्या, सरकारने पैसे द्यायचे, आणि बदल्यात सगळ्याच सरकारी शाळांत रोज सामुदायिक प्रार्थना आणि धर्माचा तास सक्तीचा. हो, सक्तीचा. 1988 च्या कायद्याने तर ही प्रार्थना एकंदरीत ख्रिश्चन स्वरूपाची असावी असंही लिहिलं. आजही ते तसंच आहे, फक्त पाळतं कोण हा वेगळा विषय. आईबापांना मुलाला प्रार्थनेतून आणि धर्माच्या तासाला बाहेर काढता येतं, विज्ञानाच्या तासाला येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेशी तुलना करताना लोक इथेच घसरतात. तिथे 1925 मध्ये टेनेसीत उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर खटला चालला, 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्क्रांतीसोबत क्रिएशनिझमही शिकवा म्हणणारा लुइझियानाचा कायदा उडवला, 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात इंटेलिजंट डिझाइनला (सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की ते कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले असणार, हा दावा) कोर्टाने धर्म ठरवलं. तिथे सगळं भांडण कोर्टात, कारण राज्यघटनेनेच सरकार आणि धर्म वेगळे केलेत. इंग्लंडमध्ये राजाच चर्चचा प्रमुख, बिशप लोक संसदेच्या वरच्या सभागृहात बसतात, मग कोर्टात जाऊन बोलणार काय? इथे हा विषय कोर्टाऐवजी मंत्रालयाच्या कागदपत्रांत लढला गेला. आणि मजा म्हणजे जिथे प्रार्थना सक्तीची तिथेच उत्क्रांतीवरून 2002 पर्यंत कोणाची झोप उडाली नव्हती.

2002 मध्ये गेट्सहेडची एक शाळा पेपरात आली. गाड्यांच्या शोरूम्स असलेल्या एका धनिकाच्या देणगीतून उभी राहिलेली, पण चालायची सरकारी पैशावर, निकाल उत्तम. तिथे बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती शब्दशः मानणाऱ्यांची परिषद भरली आणि विज्ञानाच्या तासाला काय सांगतात यावर गदारोळ झाला. संसदेत प्रश्न आला तेव्हा पंतप्रधानांनी उत्तर काय दिलं, तर शाळांत वैविध्य असणं चांगलं आणि या शाळेचे निकाल बघा. निकाल चांगले म्हटलं की पुढचे प्रश्न बंद, हे आपल्याकडच्या क्लासवाल्यांनाही चांगलं माहीत आहे. त्या वेळी शास्त्रज्ञ आणि काही बिशप यांनी मिळून विरोधाचं पत्र लिहिलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण या सगळ्याकडे विज्ञान विरुद्ध चर्च म्हणून बघितलं की गणित चुकतं. 2006 मध्ये खुद्द चर्च ऑफ इंग्लंडच्या आर्चबिशपनीच शाळांत क्रिएशनिझम शिकवू नये असं मत दिलं.

त्याच वर्षी एका गटाने देशभरातल्या माध्यमिक शाळांना इंटेलिजंट डिझाइनच्या डीव्हीडी पोस्टाने पाठवल्या, मग सरकारला बोलावं लागलं. 2007 मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या : क्रिएशनिझम आणि इंटेलिजंट डिझाइन हे वैज्ञानिक सिद्धांत नाहीत, विज्ञानाच्या अभ्यासक्रमात नाहीत, पण मुलाने तासाला विचारलंच तर ते विज्ञान का नाही हे समजावून सांगायला हरकत नाही. हा शेवटचा भाग मला तरी शहाणपणाचा वाटतो. पण वर्षभरात, सप्टेंबर 2008 मध्ये, जवळपास हेच बोलल्याबद्दल देशातल्या सगळ्यात जुन्या विज्ञान संस्थेच्या शिक्षण प्रमुखांना पद सोडावं लागलं. गृहस्थ जीवशास्त्राचे अभ्यासक आणि शिवाय चर्चचे दीक्षित पाद्री. ते म्हणाले होते की ज्या मुलाच्या घरी हे मानतात त्याचा प्रश्न झटकू नका, त्याची ती चुकीची समजूत नाही तर जग बघायची पद्धत आहे असं धरून बोला. हेडलाइन झाली 'क्रिएशनिझम विज्ञानाच्या तासाला शिकवा'. संस्था म्हणाली बोलण्याचा विपर्यास होऊ शकतो, संस्थेच्या नावाला धक्का बसलाय, आणि ते गेले. माझ्या मते ही त्या वेळची सगळ्यात मूर्ख घटना होती, पण असो.

आता मुख्य गुंता. 2010 नंतर नव्या सरकारने शाळा धडाधड अ‍ॅकॅडमी करायला घेतल्या, म्हणजे नगरपालिकेच्या हातातून काढून थेट सरकारशी करार केलेल्या ट्रस्टकडे दिल्या, आणि 2011 पासून फ्री स्कूल म्हणून एक नवा प्रकार आला, म्हणजे पालक, शिक्षक, धार्मिक गट कोणीही प्रस्ताव देऊन सरकारी पैशावर शाळा काढू शकतं. या दोन्ही प्रकारांना तेव्हा राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नव्हता. नगरपालिकेच्या शाळेत विज्ञानात काय असावं हे त्या अभ्यासक्रमाने ठरतं, इथे तो आधारच गेला. शास्त्रज्ञांनी मोहीम काढली, आणि जानेवारी 2012 मध्ये फ्री स्कूलच्या नमुना करारात एक वाक्य घुसलं : प्रस्थापित वैज्ञानिक किंवा ऐतिहासिक पुराव्याच्या विरोधात जाणारं कुठलंही मत पुराव्यावर आधारित म्हणून शिकवायचं नाही. पेपरांनी लगेच 'बंदी' छापलं.

पण वाक्य नीट वाचा. 'पुराव्यावर आधारित म्हणून'. म्हणजे श्रद्धा म्हणून, धर्माच्या तासाला, चालेल. त्याच वर्षी जुलैत तीन अशा शाळांना मंजुरी मिळाली ज्यांचा क्रिएशनिझमशी संबंध असल्याचा आक्षेप होता. त्यातली संडरलंडची एक आधी खाजगी शाळाच होती.

बरं, तो क्लॉज नव्या करारांनाच लागू. आधी ज्यांच्याशी करार झाले त्या अ‍ॅकॅडम्यांचं काय? सही झालेल्या करारात एका बाजूने नवीन ओळ टाकता येत नाही. यावर जून 2014 मध्ये जो तोडगा निघाला तो सरकारी डोक्यातूनच येऊ शकतो. चर्चच्या अ‍ॅकॅडम्यांसाठी नवीन नमुना करार काढला, त्यात क्रिएशनिझमची व्याख्या दिली (जीवसृष्टीचा इतिहास, वैविध्य आणि गुंतागुंत नैसर्गिक जैविक प्रक्रियांनी स्पष्ट होत नाही असं मानून उत्क्रांती नाकारणारं कुठलंही मत), आणि सोबत एक खुलासा जोडला. खुलाशात म्हटलं की 'व्यापक आणि समतोल अभ्यासक्रम' द्यायची अट प्रत्येक अ‍ॅकॅडमी आणि फ्री स्कूलवर आधीपासूनच आहे, आणि क्रिएशनिझम पुराव्याचा सिद्धांत म्हणून शिकवणं त्या अटीत बसत नाही, सबब तो तसा कुठेच शिकवता येत नाही. म्हणजे नियम नवा नाही, जुन्याच दोन शब्दांचा नवा अर्थ. मोहीमवाल्यांनी विजय जाहीर केला, आणि व्यवहारात तो विजय होताच. पण ज्या शब्दांत आज हे बसतं त्यात उद्या दुसरं काय बसेल ते मंत्रालयात कोण बसलंय त्यावर आलं, आणि हे आज महत्त्वाचं आहे कारण आता इंग्लंडमधल्या 80 टक्क्यांहून जास्त सरकारी माध्यमिक शाळा अ‍ॅकॅडमी किंवा फ्री स्कूलच आहेत.

व्याख्येचा अजून एक चमत्कारिक परिणाम आहे. 'देवाने उत्क्रांतीतून सृष्टी घडवली' असं मानणारा या व्याख्येत येतच नाही, कारण तो उत्क्रांती नाकारत नाही. म्हणजे बहुतेक चर्चवाले सुटले. आपल्याकडचे दशावतार म्हणजेच उत्क्रांती, मत्स्य कूर्म वराह बघा कसे ओळीने, म्हणणारे काकाही सुटले. (2008 पासून लंडनच्या हॅरोमध्ये सरकारी पैशावर चालणारी हिंदू प्राथमिक शाळा आहे, त्यामुळे आपण यातून बाहेर आहोत असं कोणी समजू नये.)

2014 च्या नव्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती प्राथमिकच्या सहावीतही आली. लेक तेव्हा चर्चच्या सरकारी शाळेत होती, इथल्या जवळपास एक तृतीयांश सरकारी शाळा धार्मिकच असतात, घराजवळ तीच होती. एका आठवड्यात तिच्या दप्तरात दोन वह्या आल्या. विज्ञानाच्या वहीत चिमटा, चमचा आणि कपड्यांचा क्लिप वापरून कोणत्या 'चोचीने' किती बिया उचलल्या याचा तक्ता, खाली गालापागोसच्या फिंच पक्ष्यांची चित्रं. धर्माच्या वहीत सात चौकोन, पहिल्यात पिवळा खडू, सातव्यात झोपाळ्यावर आडवा पडलेला दाढीवाला देव. वर बाईंनी लिहून घेतलेलं वाक्य 'ख्रिश्चन लोक मानतात की...'. क्लॉज काय म्हणतो ते मला त्या एका वाक्यात कळलं. लेकीला मात्र झोपाळ्याला नऊच मार्क का पडले एवढाच प्रश्न होता.

शाळेच्या ऑफिसात धर्माच्या तासातून मूल काढायचा एक फॉर्म असतो. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांपैकी तो कोणी भरल्याचं मी ऐकलेलं नाही.