सहभोजन: पंगत कोणाची, चूल कोणाची

सहभोजन हा शब्द आज स्नेहमेळाव्याच्या पत्रिकेवर दिसतो. शंभर वर्षांपूर्वी तो चळवळीचा शब्द होता. त्याची धार कळायची तर रोटीबंदी, म्हणजे खालच्या मानलेल्या जातीच्या हातचे न खाण्याचा नियम, कशी चालायची ते आधी पाहावे लागते.

बंदी पदार्थागणिक ठरलेली असे. कोरडा शिधा, म्हणजे तांदूळ, डाळ, गूळ, घ्यायला फारशी आडकाठी नसे. अडायचे ते पाण्यापाशी. पाण्यात शिजले की अन्न खरकटे, आणि ते कोणाच्या हातचे हा प्रश्न तिथून सुरू होई. म्हणूनच सोवळे पाळणारी घरे प्रवासाला दशमी बांधून देत. तिचे पीठ दुधात भिजवलेले, त्यामुळे ती खरकटी धरत नसत. भात आणि भाकरी यांना मात्र ही पळवाट नव्हती.

मुंबईत १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा काढली. तिच्यात येणाऱ्याला ख्रिश्चनाच्या हातचा पाव खावा लागे. हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीने सभा मोडली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेणाऱ्यांची नावे छापून आली, तेव्हा टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्तापर्यंत जावे लागले. एका कपाची ही किंमत होती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी पुढची पायरी गाठली. गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला, बरोबरच्यांनाही पाजला. इथे चूलच दलिताची होती, आणि आमच्या मते या इतिहासातले हे सर्वांत मोठे पाऊल. पुढे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण चालवले: पूजेला दलित दांपत्य, प्रसाद झुणका-भाकरीचा. हा प्रसाद गरिबाला परवडणारा होता, शिवाय भाकरीचे पीठ पाण्यात भिजवून ती हातानेच थापावी लागते, म्हणजे रोटीबंदीची सगळी कलमे त्या एका घासात मोडत.

असा बेत आज शंभर माणसांसाठी करायचा तर माणशी दोन भाकऱ्या धराव्यात. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या दहाएक भाकऱ्या होतात, म्हणजे वीस किलो पीठ लागते. पीठ ताजेच दळून आणावे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. मग ते उकळत्या पाण्याने भिजवून घ्यावे लागते. झुणक्याला चार किलो बेसन आणि पाच किलो कांदा पुरतो. फोडणीत कांदा परतून पाणी घालावे, त्याला खळखळून उकळी आल्यावरच एका हाताने बेसन भुरभुरत दुसऱ्या हाताने हलवत राहावे. पीठ एकदम ओतले तर गुठळ्या होतात, त्या आत कच्च्या राहतात आणि शंभर माणसांच्या पातेल्यात त्या फोडत बसणे अशक्य असते.

एका तव्यावर तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या निघतात. दोनशे भाकऱ्या गरम वाढायच्या तर सात-आठ तवे हवेत, आणि तेवढे हात एका घरात नसतात. बेत फसतो तो इथेच. थापणाऱ्या आणि वाढणाऱ्या बायका एकाच आळीतल्या, म्हणजे एकाच जातीच्या, आणि कांदा चिरणे, भांडी घासणे बाकीच्यांकडे, अशी वाटणी सवयीनेच होते. पिठाच्या परातीवर कोण बसणार हे आदल्या दिवशीच ठरवून घ्यावे.

सहभोजनाने जात मरत नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाह हवेत, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच लिहिले. ते खरेच आहे. पण रोटीचा प्रश्नही अजून सुटलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित स्वयंपाकिणीने रांधलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि ती मुले घरून डबे आणू लागली. त्या स्वयंपाकीण बाईंना कामावरून काढले, तेव्हा दलित मुलांनी नव्या, सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे जेवायला नकार दिला.