वांग्याचे काटे कुणी काढले?

कोल्हापूरच्या मंडईत वांगी निवडताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "देठाला काटे असतील तरच गावरान, गुळगुळीत असेल तर जीएम." हे साफ चूक आहे. जीएम म्हणजे जनुकात बदल केलेलं, आणि असं जे बीटी वांगं तयार झालं त्याच्या लागवडीला भारतात फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. शिवाय बीटीचं जनुक शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला मारण्यासाठी असतं, काट्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

वांग्याचा पूर्वज म्हणजे रानवांगं, सोलॅनम इन्सॅनम. ते आजही भारतात पडीक रानात उगवतं. खोड, पानांच्या शिरा, देठ, सगळीकडे काटे. फळ छोटं, कडू, पिकल्यावर पिवळं. दोघांच्याही पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या, आणि त्यांचा संकर सहज होतो.

आता खरी गंमत. लिंबाचा काटा ही रूपांतरित फांदी असते, आतल्या लाकडाला जोडलेली. वांग्याचा काटा गुलाबासारखा, नुसत्या सालीचा उंचवटा. गुलाबाचा काटा अंगठ्यानं बाजूला ढकलून बघा, बुडातून सुटा निघतो. असा काटा उगवायला सालीतल्या ठरावीक पेशी भराभर विभागाव्या लागतात, आणि तो हुकूम देतं सायटोकायनिन हे संप्रेरक. ते आधी निष्क्रिय रूपात असतं. 'लॉग' कुळातली विकरं त्याला सक्रिय करतात. या कुळाची जनुकं वनस्पतीत एकाहून अधिक असतात. त्यातली एक प्रत काट्यांच्या कामाला जुंपली गेली. तीच बिघडली की काटे उगवत नाहीत, पण बाकीच्या प्रती शाबूत असल्यानं झाड जोमानं वाढतं. तोडणीला सोपं असं झाड शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या बियाण्याला ठेवलं आणि तो बिघाड टिकला.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार वेगवेगळ्या वनस्पतींत असा बिघाड किमान १६ वेळा स्वतंत्रपणे घडला. आफ्रिकेतल्या लागवडीच्या वांग्यांनी काटे गमावले ते आपल्या वांग्याशी संबंध न येता!

    

त्याच संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या सोलॅनम क्लाइस्टोगॅमम या रानटी, पण खाण्याजोग्या फळाच्या झाडात हेच जनुक क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं मोडलं. त्याचेही काटे गेले.