जुनी गिरणी आणि घटनेची चौथी दुरुस्ती

सोलापुरात गिरण्यांचा विषय निघाला की बोलणं १९३० च्या मार्शल लॉवर जातं, नाहीतर थेट टाळेबंदीवर. या दोहोंच्या मधली एक गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, गावात मात्र ती क्वचितच कुणाच्या तोंडी येते. भारताच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती ज्या खटल्यांमुळे करावी लागली, त्यांतला एक आपल्या जुन्या गिरणीचा होता.

गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ च्या सुमारास सुरू झाली. रेल्वे १८६० मध्येच आली होती, आसपास कापूस होता, तेलंगणातून आलेल्या विणकरांचे हातमाग होते. शिवाय तो मोठ्या दुष्काळाचा काळ. पडेल त्या मजुरीवर राबायला तयार असलेली माणसं गावात शिरत होती. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि व्यापारी पेठेचं कामगारांचं शहर झालं.

या भरभराटीत पैसा कुठे मुरायचा? बड्या पातळीवर तो मॅनेजिंग एजन्सीत मुरायचा. कंपनी भागधारकांची, पण कारभार एका पेढीच्या हाती आणि तिचा करार वर्षानुवर्षांचा. मुंबई इलाख्यात सुरुवातीला या एजंटांचं कमिशन सुताच्या पौंडामागे पाव आणा असे. नफा होवो वा तोटा, सूत निघालं की कमिशन पक्कं. यंत्रं, कापूस, कोळसा यांची खरेदीही बहुधा त्यांच्याच हातून होई. हे सगळं कायदेशीर होतं, हे विसरू नये. कंपनी कायद्यातल्या १९३६ च्या दुरुस्तीनं करार २० वर्षांवर आणला, मोबदला निव्वळ नफ्याला बांधला आणि कंपनीनं एजंटाला कर्ज देण्यावर बंदी घातली. तोवर साठ वर्षं गेली होती.

खालच्या पातळीवर जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, होता, बायकांच्या खात्यात नायकीण. कामावर घेणं, रजेवरून आल्यावर पुन्हा उभं करणं, बदलीवाल्याला पाळी देणं, सगळं त्यांच्या मर्जीवर. कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालात हे स्पष्ट नोंदलं आहे: कामाला लागताना जॉबरला पैसे द्यायचे, पुष्कळ ठिकाणी दरमहा पगारातूनही थोडे, आणि काही ठिकाणी वर दारूही पाजायची. भरती जॉबरच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी, असं आयोगानं सुचवलं. सोलापुरात आणखी एक वर्ग होता, सेटलमेंटमधल्या, म्हणजे सरकारी पहाऱ्यातल्या वसाहतीतल्या, तथाकथित गुन्हेगार जमातींचा. त्यांच्यातले कितीतरी जण गिरणीत कामाला जात, म्हणजे हजेरी गिरणीतही आणि तारेच्या कुंपणाआडही. त्यांनी तक्रार करायची तर कुणाकडे?

इथे अमेरिकेची आठवण येते. न्यूयॉर्कच्या राजकारणावर पकड असलेला विल्यम ट्वीड १८७८ मध्ये तुरुंगात मेला, म्हणजे आपल्या गिरणीचा भोंगा नुकता वाजू लागला होता तेव्हा. त्याच्या टॅमनी हॉल संघटनेचा व्यवहार सरळ होता: मत द्या, नोकरी घ्या. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, गिरणीहूनही जुनी. पण मताचा हक्क कर आणि मालमत्तेला जोडलेला. चाळीतल्या कामगाराकडे विकायला मतच नव्हतं, म्हणून इथे नोकरी रोख पैशात विकली गेली. आपल्याकडची लाचखोरी नगरपालिकेच्या दप्तराऐवजी गिरणीच्या फाटकावर जास्त दिसते, त्याचं मोठं कारण हेच असावं, असं माझं मत आहे.

मग स्वातंत्र्य आलं, प्रौढ मतदान आलं आणि कामगाराचा रोजगार हा सरकारचा प्रश्न झाला. २७ जुलै १९४९ रोजी जुन्या गिरणीच्या संचालकांनी नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद केली. ९ जानेवारी १९५० ला, घटना लागू व्हायला १७ दिवस उरले असताना, केंद्र सरकारनं वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. गैरकारभार आणि हलगर्जीमुळे गरजेच्या मालाचं उत्पादन घटलं व मोठी बेकारी झाली, असं कारण त्यातच लिहिलं होतं. पुढे त्याचा कायदा झाला. एका शहरातल्या एकाच कंपनीसाठी संसदेचा कायदा!

चिरंजीतलाल चौधरी हे भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी अर्ज फेटाळला गेला. समानतेच्या हक्काच्या कसोटीवर एक कंपनीही स्वतंत्र वर्ग ठरू शकते, असं बहुमत म्हणालं. पतंजली शास्त्री आणि दास या न्यायमूर्तींना ते पटलं नाही. गैरकारभार बाकी गिरण्यांतही असेल, मग हीच का वेगळी काढली? प्रश्न रास्त होता.

दुसरा वाद पैशाचा. कंपनीचं अधिकृत भांडवल ४८ लाख, भरलेलं ३२ लाख, कारण प्रेफरन्स शेअरची (लाभांशात अग्रहक्क असलेल्या भागांची) निम्मी रक्कम यायची होती. सरकारनं नेमलेल्या संचालकांनी ती मागितली. असे शेअर असलेले द्वारकादास श्रीनिवास यांनी हरकत घेतली: कारभार तुम्ही काढून घेतलात, भरपाई दिली नाहीत, वर पैसेही आम्हीच द्यायचे? १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयानं त्यांचं म्हणणं मानलं आणि सरकारचा ताबा घटनाबाह्य ठरला.

सरकारनं उत्तर दिलं ते घटनेतच. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीनं ३१-क या अनुच्छेदात भर पडली: सार्वजनिक हितासाठी किंवा योग्य व्यवस्थापनासाठी सरकार एखाद्या मालमत्तेचा कारभार ठरावीक मुदतीसाठी ताब्यात घेऊ शकेल. त्या ओळी वाचताना जुनी गिरणी डोळ्यांपुढे येते. १९५३ मध्ये उद्योग कायद्यात आलेला ताबा घेण्याचा विभागही त्याच दुरुस्तीनं नवव्या परिशिष्टात, म्हणजे न्यायालयातल्या आव्हानापासून वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यांच्या यादीत, गेला. त्याच्या आधारे देशभरातल्या कितीतरी आजारी गिरण्या पुढे सरकारकडे आल्या आणि १९७४ मध्ये १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. मालक कर्ज टाकून मोकळे झाले आणि तोटा जनतेच्या माथी आला, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोडून काढणं सोपं नाही. मॅनेजिंग एजन्सी मात्र ३ एप्रिल १९७० ला कायमची संपली.

तोवर सोलापूरचं कापड यंत्रमागाकडे सरकत चाललं होतं. चादर आणि टॉवेल लहान शेडमध्ये निघू लागले. तिथे संचालक मंडळ नाही, भागधारकांची सभा नाही आणि बऱ्याच ठिकाणी हजेरीपटही नाही. जुन्या गिरणीनं मिळवून दिलेलं घटनेतलं कलम त्या शेडच्या दारापर्यंत पोचत नाही.