हवामान निरीक्षण (उपकरणांद्वारे)

हवेचे तापमान, दाब, आर्द्रता, वारा, पाऊस हे घटक ठरावीक वेळी उपकरणांनी मोजून नोंदवण्याची पद्धत. आकडा वाचायला कोणीही लवकर शिकतो. तो आकडा हवेचाच आहे, उन्हाचा, भिंतीचा किंवा स्वतःच्या श्वासाचा नाही, याची खात्री करायला शिकणे हे अवघड काम.

तापमापक दाखवतो ते खरे तर स्वतःचे तापमान. उन्हात टांगला की तो हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणून तो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या हवेशीर पेटीत, जमिनीपासून 1.25 ते 2 मी. उंचीवर ठेवतात. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ही पेटी ओळखली जाते. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे उघडते. वाचताना ऊन आत शिरत नाही. दार उघडल्यावर आधी दशांश वाचावा, मग पूर्ण अंश, कारण अंगाच्या उबेने आधी बदलतो तो दशांशच. डोळा पाऱ्याच्या टोकाच्या पातळीत हवा.

नवशिक्याला सर्वांत जास्त शिकवते ती कोरड्या व ओल्या तापमापकांची जोडी. एकाच्या फुग्यावर, म्हणजे पारा असलेल्या खालच्या गोल टोकावर, ओली मलमल गुंडाळलेली असते. तिच्यातले पाणी उडून जाताना फुग्याची उष्णता घेते, म्हणून तो तापमापक कमी अंश दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. कोरडा 30° से. आणि ओला 25° से. असेल, तर सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला हिस्सा) सुमारे दोन-तृतीयांश येते; दोन्ही सारखे असतील तर हवा बाष्पाने संपृक्त असते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही. मलमल मळली किंवा सुकली की बाष्पीभवन मंदावते आणि हवा आहे त्याहून दमट भासते. उपकरण शाबूत, वाचनही अचूक, तरी उत्तर चूक! मलमल वेळेवर बदलणे आणि शुद्ध पाणी वापरणे हादेखील मापनाचाच भाग आहे.

हवेला वजन असते हे इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्ली यांच्या पाऱ्याच्या नळीने दाखवले. समुद्रसपाटीला हवा सुमारे 76 सेंमी. उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलते. समुद्रसपाटीजवळ सुमारे 8 मी. वर चढले की दाब 1 हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) उतरतो. त्यामुळे दोन ठिकाणच्या दाबांची तुलना करण्यापूर्वी ते हिशोबाने समुद्रसपाटीला आणून घ्यावे लागतात. पर्जन्यमापकातील 1 मिमी. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. वाऱ्याला नाव मिळते ते तो येतो त्या दिशेचे. वेग मोकळ्या जागी 10 मी. उंचीवर मोजतात.

आता पाऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदक घेत आहेत आणि नोंद आपोआप होते. पण तापलेल्या गच्चीवरचा संवेदक गच्चीचीच हकिकत सांगतो. हाताने नोंद ठेवताना एखादी वेळ चुकली, तर तो रकाना रिकामाच ठेवतात.