फॉरमॅट मारायच्या आधी बघा, कॉम्प्युटर नेमका कुठं थांबतोय

कॉम्प्युटर चालू होईना झाला की आपल्या कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला, "फॉरमॅट मार भावा, नवीन विंडोज टाक." सांगणारा मनापासून सांगतो, त्याच्या मशीनला कधीतरी त्यानं गुण आलेला असतो, पण रॅम (चालू कामाची मेमरी), एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) नाहीतर आतला साधा सेल गेलेला असेल तर फॉरमॅटनं काडीचा फरक पडत नाही आणि वर घरातले फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, दुकानाचा हिशेब सगळं जातं ते वेगळंच. मला ह्याच गोष्टीचं लय वाईट वाटतं. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत मशीनमध्ये ठरलेल्या क्रमानं एकेक काम होतं, मागचं झाल्याशिवाय पुढचं होत नाही, त्यामुळं गाडी कुठं अडली हे नीट बघितलं की अर्धी शोधाशोध तिथंच संपते.

समजा बटण दाबलं आणि काहीच नाही, फॅन नाही की लाईट नाही. इथं विंडोजचा संबंधच नाही, आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण, वायर, एक्स्टेन्शन बघा, दुसऱ्या सॉकेटात लावून बघा. ते सगळं ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर. पीसी बंद असला तरी वायर लावलेली असेल तर एसएमपीएस मदरबोर्डाला (सगळे भाग जोडलेली आतली मुख्य पाटी) ५ व्होल्टचा एक बारीक सप्लाय देतच असतो, बटण दाबलं की त्याच सप्लायवर मदरबोर्ड एसएमपीएसला 'आता पूर्ण चालू हो' असं सांगतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार होतात, ते स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस 'पॉवर गुड' नावाचा सिग्नल पाठवतो आणि तो येईपर्यंत प्रोसेसरला मुद्दाम अडवून ठेवलेलं असतं. आता गंमत अशी की १२ व्होल्टच्या लाईनला फक्त ५ टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६, पण फॅन त्यापेक्षा कमीवरही फिरतो. म्हणून "फॅन फिरतोय म्हणजे सप्लाय ओके आहे" हे जे सगळे म्हणतात ते खरं नाही.

एसएमपीएस म्हातारा होतो तो बहुतेक वेळा आतल्या कॅपॅसिटरमुळं. त्यात पातळ रसायन असतं, ते उष्णतेनं हळूहळू सुकत जातं, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, भिंतीला चिकटवून ठेवलेला पीसी लवकर का जातो ते ह्यात आलं. असा सप्लाय नुसतं टायपिंग करताना चालतो आणि गेम लावला, व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की धाडकन रीस्टार्ट होतो. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघणे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, आपल्या २३० व्होल्टचे आत डीसी होऊन ३०० च्या वर जातात आणि वायर काढल्यावरही काही वेळ ते कॅपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

फॅन फिरतोय, पण स्क्रीन काळी. आधी मॉनिटरची केबल आणि इनपुट बघा, मग रॅमकडं वळा. प्रोसेसर जागा झाला की पहिलं वाचतो ते मदरबोर्डावरच्या चिपमधलं बायोस, म्हणजे मशीन जागं करणारा छोटा प्रोग्रॅम, आणि त्या क्षणी रॅम वापरायच्या लायकीची नसते, बायोसला ती जुळवून घ्यावी लागते. नवीन डीडीआर५ रॅममध्ये पहिल्यांदा हे जुळवून घेणं काही मिनिटं चालतं, लोक घाबरून मध्येच बटण दाबतात, तसं करू नका. जुळणी झालीच नाही तर स्क्रीनवर लिहायची सोयच नाही, मग बोर्ड बीप देतो किंवा नवीन बोर्ड असेल तर कोपऱ्यातल्या चार बारक्या दिव्यांपैकी डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा लागून राहतो. कॅबिनेट उघडून हा दिवा बघणारा माणूस मी फार कमी वेळा बघितलाय.

पावसाळ्यात आपल्याकडं हा प्रकार वाढतो असा माझा अनुभव. रॅमच्या पट्टीला खालनं सोनेरी पट्ट्या असतात, डीडीआर४ ला २८८. त्यावर खरोखरचं सोनं असतं, आणि सोनं तर गंजत नाही, मग बिघडतं काय? तर सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, त्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, खाली निकेल आणि तांबं असतं. दमट हवा त्या भोकांतनं खाली पोचते, तांब्याचे क्षार वर येतात, शिवाय धूळ आणि बोटाचा तेलकटपणा असतोच, आणि मशीन रोज तापून-थंड होऊन पट्टी स्लॉटमध्ये कणभर हलत राहते. २८८ पैकी एकाच ठिकाणी संपर्क सुटला तरी पुरे. म्हणून रॅम काढून परत घातली की मशीन चालू होतं, त्यात जादू काही नाही, घासल्यानं तो क्षार-धुळीचा थर निघतो. खोडरबर सगळे वापरतात आणि चालतोही, पण दर महिन्याला घासाल तर सोनंच निघून जाईल, त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं. वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग पट्टीला हात लावायचा.

कंपनीचा लोगो आला म्हणजे सप्लाय, प्रोसेसर, रॅम एवढं तरी जागं झालं. त्यानंतर 'नो बूटेबल डिव्हाईस' (विंडोज सुरू करायला डिस्क सापडली नाही) आलं की लोक हार्डडिस्क गेली म्हणून मोकळे होतात. शुक्रवार पेठेत एका ओळखीच्या काकांकडं २०२१ च्या पुरानंतर हेच झालं. पाणी चढायला लागल्यावर त्यांनी पीसी माडीवर नेऊन ठेवला, कित्येक आठवडे वायरच लावली नाही, पाणी लागलं नव्हतं तरी चालू केल्यावर हा मेसेज. दुकानात सांगितलं, डिस्क बदला. बायोसमध्ये जाऊन बघितलं तर डिस्कचं नाव व्यवस्थित दिसत होतं, पण तारीख कित्येक वर्षं मागची. बोर्डावरचा ३ व्होल्टचा गोल सेल, सीआर२०३२, संपला होता. वायर लावलेली असताना घड्याळ त्या ५ व्होल्टच्या सप्लायवर चालतं, सेल जवळपास खर्चच होत नाही. वायर काढली की सगळा भार सेलवर. तो संपला तशा बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या, बूट मोड (विंडोज कुठल्या पद्धतीनं सुरू करायची ते) बदलला आणि जागच्या जागी असलेली विंडोज मशीनला सापडेना. नवीन सेल घातला, मोड परत लावला, मशीन चालू. नातीचे सगळे फोटो जिथल्या तिथं होते. डिस्क बदलली असती तर ते कुठं गेले असते ह्याचा विचार करवत नाही.

विंडोजची चिन्हं फिरायला लागून मग निळी स्क्रीन किंवा परत परत रीस्टार्ट होत असेल तर सॉफ्टवेअरवर संशय घ्यायला जागा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी सॉफ्टवेअर कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अशीच अडकली, एकाचंही हार्डवेअर त्यानं बिघडलं नव्हतं आणि सेफ मोडमध्ये (मोजक्या गोष्टींवर विंडोज चालू करून) जाऊन एक फाईल उडवली की बहुतेक सुरू होत होती. दोन-तीनदा अडकल्यावर विंडोज स्वतःच रिपेअरचा पडदा दाखवते, तिथनं शेवटचं अपडेट काढणे, सेफ मोड, रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीला नेणं) हे करून बघा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

चालता चालता बंद पडणं हे वेगळं प्रकरण. निळी स्क्रीन येते तेव्हा विंडोजला गडबड कळलेली असते आणि डेटा खराब होऊ नये म्हणून ती स्वतः थांबते. काहीच न दाखवता फटकन बंद होतो तेव्हा बहुतेक वेळा उष्णता किंवा सप्लाय. शिवाजी उद्यमनगरात एका कारखान्याच्या ऑफिसातला पीसी रोज दुपारी बंद पडायचा. प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळी धूळ इतकी घट्ट बसलेली की फॅन फिरूनही हवा आरपार जात नव्हती. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आला की आधी वेग कमी करतो, तरीही वाढलंच तर थेट बंद होतो. ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली सुकलेली पेस्ट बदलली, काम झालं. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून एसएमपीएस बदलू नका, त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. वेळ-काळ नसताना क्रॅश होत असेल तर मेमटेस्ट८६ रात्रभर लावून रॅम तपासा, एक जरी एरर आली तरी एकेक पट्टी वेगळी लावून कुठली खराब ते शोधा.

आणि डिस्क. हार्डडिस्क टक-टक वाजत असेल तर ताबडतोब बंद करा, परत परत चालू करून बघू नका. वाजत नाही पण मशीन मिनिटामिनिटाला अडकतंय अशा वेळी पेनड्राईव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून त्यावरनं बूट करा. तसं मशीन छान चाललं तर बाकी हार्डवेअर बहुतेक धड आहे आणि दोष डिस्क किंवा विंडोजचा आहे हेही कळतं, आणि फायलीही दुसऱ्या डिस्कवर ओढता येतात. आधी फायली, मग तपासणी, कारण डिस्क तपासणारी चेकडिस्कसारखी कमांड मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी राबवते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या 'स्मार्ट'च्या यादीत ५ आणि १९७ नंबरचे (खराब आणि संशयित जागांचे) आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर त्या डिस्कवर विंडोज मारू नका. फायली लॉक दिसल्या तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू आहे, त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जाऊन सापडते. मशीन धड चालू आहे तोवरच ती उतरवून कागदावर लिहून ठेवा, मदरबोर्ड बदलला की ती हमखास मागितली जाते.