हस्तकलेच्या वस्तू घडवून घेताना आणि भाड्याने नेताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या पेढीत दोन प्रकारची कामे होतात. ग्राहकाच्या मागणीप्रमाणे कलाकाराकडून नवी वस्तू घडवून दिली जाते, किंवा कलाकाराकडे तयार असलेली वस्तू ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिली जाते. सध्या आम्ही चारच ठिकाणच्या कामांचे व्यवहार पाहतो : डहाणू-जव्हार भागातील वारली चित्रे, सावंतवाडीचे लाकडी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते) काम, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आणि पुण्यातल्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडणारी तांब्याची भांडी. यापलीकडची मागणी आली तर ती आम्ही घेत नाही, कारण ज्या कामातले बरेवाईट आम्हाला स्वतःला पारखता येत नाही त्याची हमी ग्राहकाला देणे योग्य नाही.

घडवून घ्यावे की भाड्याने न्यावे

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण नवी वस्तू करून घेण्याच्या विचाराने येतात, आणि थोडे बोलणे झाले की त्यांची गरज खरे तर भाड्याने भागणारी आहे असे लक्षात येते. कार्यालय भाड्याच्या जागेत असेल, प्रदर्शन पंधरवड्याचे असेल, मालिकेच्या चित्रीकरणासाठी जुन्या वाड्यातले स्वयंपाकघर उभे करायचे असेल किंवा लग्नाच्या मांडवात घंगाळ, हंडे आणि कळश्या मांडायच्या असतील, तर वस्तू विकत घेऊन नंतर ती माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही. याउलट जागा स्वतःची आहे, भिंत ठरलेली आहे आणि तिथे काय असावे याची कल्पना मनात स्पष्ट आहे, अशा वेळी कलाकाराकडून खास करून घेणेच चांगले.

भाड्याने दिलेली वस्तू आमच्या मालकीची नसते. ती कलाकाराचीच राहते आणि आम्ही केवळ मधले जबाबदार असतो. भाड्यातील दोन तृतीयांश रक्कम कलाकाराला जाते, उरलेल्या रकमेतून वाहतूक, बांधणी आणि देखभाल भागते.

मागणी नोंदवण्यापूर्वी

विषय, माप, वस्तू कुठे ठेवली जाणार ती जागा आणि ती कधी हवी ती तारीख, एवढ्या चार गोष्टी ग्राहकाने नक्की सांगाव्यात. बाकीचे शक्य तितके कलाकारावर सोडावे, असे आमचे अनुभवाने झालेले मत आहे. इंटरनेटवरचे चित्र दाखवून 'अगदी असेच हवे' असा आग्रह धरला की हाती नक्कल येते, आणि नक्कल करायला लावलेल्या हाताची रेघ अडखळते ती अडखळतेच. दुसऱ्या कलाकाराच्या चित्राची प्रत करण्याचे काम आम्ही मुळातच स्वीकारत नाही.

वारली चित्रांबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ही चित्रे मूळची कुडाच्या भिंतीवरची आहेत. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक ठेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढलेल्या आकृती, अशी त्यांची घडण असते. लग्नघरात सुवासिनी पालघाट देवीचा चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी विधिचित्र, लिहीत असत आणि चित्र हे त्या विधीचाच भाग होते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात विधीबाहेर रोजच्या रोज चित्रे काढायला सुरुवात केली, कागदावर आणि कापडावर शेती, मासेमारी, तारपा नाच आणले, आणि त्यानंतरच ही चित्रे मागणीप्रमाणे करून घेण्याची वाट मोकळी झाली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनाखाली नोंद झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. देवचौक केवळ शोभेसाठी काढून हवा, अशी मागणी अधूनमधून येते. काही कलाकार ती घेतात, काही घेत नाहीत. जो नाही म्हणतो त्याला आम्ही गळ घालत नाही आणि ग्राहकानेही घालू नये. दुसरे असे की शहरातल्या गुळगुळीत, चकचकीत रंगाच्या भिंतीवर गेरू आणि पिठाचा रंग धरत नाही, काही महिन्यांत त्याचे पोपडे निघतात. अशा भिंतीवर थेट चित्र हवेच असेल तर आधी ती खरवडून तयार करावी लागते आणि पांढऱ्यासाठी ॲक्रिलिक रंग वापरावा लागतो. पारंपरिक रंगच हवे असतील तर कापडावर काढून चौकटीत बसवलेले चित्र घ्यावे. दोन्ही प्रकारांत कलाकाराचा हात तोच असतो, फक्त आपण काय घेत आहोत हे ग्राहकाला आधी माहीत असावे.

सावंतवाडीच्या कामात वेळ जातो तो पूर्वतयारीत. गंजिफाचे पान करताना कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे थर देऊन ते दगडाने घोटले जाते, मग गोल कापले जाते, मग रंगवले जाते आणि शेवटी लाखेचा हात दिला जातो. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पाने असतात आणि त्यातले प्रत्येक पान हाताने रंगवलेले असते. एकेकाळी जवळजवळ बंद पडलेली ही कला सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. पुढच्या आठवड्यातल्या समारंभासाठी भेट म्हणून पूर्ण जोड हवा, ही मागणी पुरी होऊ शकत नाही. तशा प्रसंगी चार-सहा सुटी पाने चौकटीत बसवून देता येतात.

पिंगुळीच्या चित्रकथीत रामायण-महाभारतातील एकेक आख्यान चित्रांच्या पोथीच्या रूपाने असते आणि ठाकर समाजातील कथेकरी वाद्यांच्या साथीवर गात-सांगत एकेक चित्र पुढे धरतो. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जुन्या पोथ्या आम्ही भाड्याने आणत नाही आणि त्यांतले सुटे पान मागूही नये, कारण एक पान गेले की आख्यान तुटते. नव्याने काढलेली चित्रे मात्र भाड्यानेही मिळतात आणि करूनही मिळतात.

तांब्याच्या कामाचा हिशेब इतरांहून वेगळा आहे. भांड्याची किंमत वजनावरचा तांब्याचा भाव अधिक मजुरी अशी ठरते, आणि भाव रोज हलत असल्यामुळे आम्ही दिलेला दर पंधरा दिवसच बांधील राहतो. भांडे घडवून लख्ख झाल्यावर त्यावर मठारकाम होते, म्हणजे हातोडीचे एकाशेजारी एक घाव घालत सगळा पृष्ठभाग भरून काढला जातो. त्याने चकाकी तर येतेच, पण पत्रा कणखरही होतो, आणि हे दुसरे कारण मूळचे आहे. यंत्रावर ठसे उठवलेल्या भांड्यात आणि मठारलेल्या भांड्यात फरक ओळखायचा असेल तर भांडे उजेडात तिरके धरून घावांची एकच ओळ बोटाने धरत गोल फिरावे. हाताच्या कामात ती ओळ कुठेतरी किंचित वर-खाली होते आणि गळ्याजवळ, जिथे आकार वळतो, तिथे घाव लहान झालेले दिसतात. यंत्राचा ठसा सगळीकडे सारखा असतो. आमच्याकडे 'ओळी सरळ नाहीत' अशी तक्रार येते, ती आम्ही नम्रपणे परत करतो.

वेळापत्रक

ज्यांच्याकडून काम होते त्यांच्यापैकी अनेकांची शेती आहे. डहाणू-जव्हारकडे पावसाळ्यात भाताची लावणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी असते, त्या काळात चित्रे मागे पडतात आणि ती पडणारच. सावंतवाडीचे चितारी गणपतीच्या आधी मूर्तींच्या कामात असतात. शिवाय कोकणातल्या पावसात रंग आणि लाख वाळायला दुप्पट वेळ लागतो, आणि घाईने वाळवलेला थर पुढे चिरतो. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात नव्या मागण्या आम्ही नोंदवतो, पण तारीख नोव्हेंबरनंतरची देतो. गणेशोत्सवाच्या सजावटीसाठी काही करून घ्यायचे असेल तर होळीच्या सुमारास बोलणे व्हावे.

रक्कम आणि करारपत्र

मागणी पक्की करताना ठरलेल्या किमतीच्या चाळीस टक्के विसार घेतला जातो, त्यातून कलाकाराला साहित्याचा खर्च आणि पहिली उचल दिली जाते. कच्चे रेखाटन दाखवल्यावर एकदा बदल सुचवता येतात. रेखाटन मान्य झाल्यावर विषयच बदलायचा झाला तर ती नवी मागणी समजली जाते. कलाकाराकडून काम वेळेत झाले नाही आणि ग्राहकाचा प्रसंग टळून गेला, तर विसार पूर्ण परत केला जातो आणि कलाकाराकडे गेलेल्या रकमेचा बोजा आमच्यावर राहतो. जीएसटी बिलाच्या दिवशी लागू असलेल्या दराने वेगळा लावला जातो.

करारपत्रातील एक कलम ग्राहक बहुधा न वाचता सही करून पुढे जातात, म्हणून ते येथे मुद्दाम सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, करून घेणारा ठरतो. आमच्या करारपत्रात तो वेगळा करार आहे : चित्र ग्राहकाचे होते, त्याचा कॉपीराइट कलाकाराकडेच राहतो. म्हणजे ते चित्र आपण भिंतीवर लावू शकता, कुणाला भेट देऊ शकता, विकूही शकता. मात्र त्याचे दिनदर्शिकेवर, साडीवर, मिठाईच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या बोधचिन्हात मुद्रण करायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र रक्कम आणि स्वतंत्र लेखी परवानगी लागते. त्या परवानगीत मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहावा, कारण ते लिहिले नाही तर कायदा पाच वर्षे आणि भारतापुरती अशी मर्यादा धरतो.

कॉपीराइट कुणाकडेही असला तरी कलम ५७ प्रमाणे आपले नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा कलाकाराचा अधिकार शिल्लक राहतो. हे कागदावरचे कलम नाही. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे प्रचंड कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवण्यात आले आणि त्याचे तुकडे गोदामात गेले, तेव्हा शिल्पकार न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला. तेव्हा खोलीचा रंग बदलला म्हणून चित्राची एक बाजू कापून चौकटीत बसवणे किंवा सुताराकडून लाकडी कामावर पॉलिश मारून घेणे टाळावे. बदल हवाच असेल तर आम्हाला कळवावे, बहुतेक वेळा कलाकार स्वतः काहीतरी मार्ग काढतो.

भाड्याच्या अटी

चित्रे आणि लाकडी वस्तू कमीत कमी तीन महिन्यांसाठी, तांब्याची भांडी कमीत कमी तीन दिवसांसाठी दिली जातात. वस्तूच्या किमतीच्या निम्मी रक्कम अनामत म्हणून ठेवावी लागते. वस्तू परत आल्यावर तपासून सात दिवसांत अनामत परत मिळते. वस्तू नेताना आणि परत करताना दोन्ही वेळा तिचे फोटो काढून त्यावर उभय पक्षांची सही घेतली जाते. याने थोडा वेळ जातो, पण नंतरचा वाद वाचतो. भाड्याने नेलेली वस्तू आवडली आणि सहा महिन्यांच्या आत विकत घ्यावीशी वाटली तर भरलेल्या भाड्यापैकी निम्मे किमतीतून वजा होते. नैसर्गिक झिजेची भरपाई मागितली जात नाही. चिरा, डाग, पोचा किंवा हरवणे यांची भरपाई कलाकार सांगेल त्या दुरुस्ती-खर्चाप्रमाणे घेतली जाते. समाजमाध्यमांवर फोटो टाकण्यास हरकत नाही, त्यासोबत कलाकाराचे आणि गावाचे नाव असावे. चित्रीकरणासाठी नेताना तसे आधी सांगावे, त्याचे करारपत्र वेगळे असते.

ठेवण आणि निगा

वारली चित्र कधीही ओल्या फडक्याने पुसू नये, पीठ आणि गेरू दोन्ही पाण्याने निघून येतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी. उन्हाचा थेट पट्टा येणारी, एसीचे पाणी ठिबकणारी किंवा पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळावी. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून आम्ही देतो, ते काढू नयेत, कारण त्यामुळे चित्र आणि भिंत यांच्यात हवा खेळती राहते. लाखकाम केलेल्या वस्तूंवर गरम भांडे ठेवू नये.

भाड्याची तांब्याची भांडी मांडणीसाठी किंवा पाण्यासाठी आहेत. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, सार, लोणचे, कोकम असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. भांड्यांवर काळपट छटा आली तरी घासण्याचे काम आमच्याकडेच सोपवावे, कारण काही भांड्यांना ती छटा मुद्दाम दिलेली असते आणि चिंच-मिठाने ती एका हातात नाहीशी होते.

चौकशीसाठी येताना भिंतीचे माप आणि दिवसाच्या उजेडात काढलेला जागेचा फोटो सोबत आणावा. लग्नाच्या भांड्यांसाठी मांडवाचे माप आणि किती भांडी मांडायची त्याचा अंदाज पुरेसा आहे. नमुने पेढीवरच पाहायला मिळतात, ते घरी पाठवले जात नाहीत.